डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं: बीआरसीए१ बिघडल्यावर ओलापॅरिब का चालतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थोरल्या बहिणीला, वय ४७, अंडाशयाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या सहा केमो झाल्या, आता स्कॅन स्वच्छ आहे. रक्ताच्या जनुकीय तपासणीत बीआरसीए१ मध्ये दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, या जनुकाचं प्रथिन डीएनए दुरुस्त करतं, ते नीट नाही म्हणून कर्करोग झाला. आणि त्याच भेटीत त्यांनी ओलापॅरिबच्या गोळ्या दोन वर्षं घ्यायला सांगितल्या, ज्या दुरुस्ती करणारं आणखी एक प्रथिन बंद पाडतात. दुरुस्ती कमी पडली म्हणून आजार झाला, मग उरलीसुरली दुरुस्तीही का बंद करायची? आणि तुमचं स्वतःचं, तुमच्या दोन मुलींचं काय?

शंका अगदी रास्त आहे, आणि ती विचारणारे नातेवाईक मला आवडतात, कारण उपचार कशासाठी चाललेत हे कळलं की गोळ्या मध्येच सोडल्या जात नाहीत. मूळ उत्तर असं: दुरुस्तीचा दोष गाठीच्या पेशींमध्ये पूर्ण आहे, ताईंच्या बाकीच्या शरीरात अर्धाच आहे. औषध या फरकावर चालतं.

आता सविस्तर.

प्रत्येक पेशीतल्या डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते. तंबाखू, ऊन, किरण ही बाहेरची कारणं सगळ्यांना ठाऊक असतात, पण पेशीतलं पाणी आणि आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन यांच्यामुळेही डीएनए सतत झिजतो. टोमास लिंडाल यांनी १९७० च्या दशकात हे दाखवलं, तोवर डीएनए फार टिकाऊ रेणू आहे असाच समज होता. एवढी झीज होऊनही आपण जगतो याचा अर्थ ती कुणीतरी भरून काढत असणार, हा त्यांचा तर्क, आणि त्यातून दुरुस्ती करणारी प्रथिनं सापडत गेली. लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच विषयातल्या कामासाठी मिळालं.

इजा वेगवेगळ्या प्रकारची, म्हणून दुरुस्ती करणारी टोळीही वेगवेगळी. डीएनए ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो त्यांतलं एखादं अक्षर बिघडलं तर एक टोळी, उन्हाने दोन अक्षरं एकमेकांना चिकटली तर दुसरी, नक्कल करताना चुकीचं अक्षर बसलं तर तिसरी. सगळ्यांत घातक इजा म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणं. ते जोडण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात कू नावाची प्रथिनं तुटलेली टोकं धरतात आणि ती तशीच जोडली जातात. हे काम झटपट होतं, पण जोडावर दोनचार अक्षरं गळतात, कधी भलतीच टोकं जुळतात. दुसऱ्या मार्गात पेशी स्वतःकडे असलेली डीएनएची ताजी नक्कल शोधते आणि तिच्यावरून तुटलेला भाग अक्षर न अक्षर पुन्हा लिहिते. यात बीआरसीए१ टोकं तासून देण्याची सोय करतं, पाल्बी२ त्याला बीआरसीए२ शी जोडतं, आणि बीआरसीए२ रॅड५१ नावाचं प्रथिन धाग्यावर बसवतं. जुळणारी नक्कल शोधून काढण्याचं काम या रॅड५१ चं. साखळीतलं एक जरी निखळलं तरी हा अचूक मार्ग बंद होतो आणि पेशीला घाईच्या जोडकामावर भागवावं लागतं.

बीआरसीए१ ची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. ताईंच्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मापासून सदोष आहे, दुसरी चांगली. एका चांगल्या प्रतीवर दुरुस्तीचं काम भागतं, म्हणून त्या ४७ वर्षं ठणठणीत जगल्या. मग अंडवाहिनीच्या किंवा अंडाशयाच्या एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही गेली. (अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेचसे कर्करोग अंडवाहिनीच्या टोकाशी सुरू होतात, हे आता आपल्याला कळलंय.) त्या पेशीत अचूक दुरुस्ती संपली, चुका साचत गेल्या, आणि साचलेल्या चुकांतून गाठ उभी राहिली. म्हणजे ताईंच्या शरीरात आता दोन तऱ्हेच्या पेशी आहेत: एक प्रत शाबूत असलेल्या असंख्य निरोगी पेशी, आणि एकही चांगली प्रत नसलेल्या कर्करोगाच्या पेशी, ज्या स्कॅनमध्ये दिसत नसल्या तरी थोड्याफार उरलेल्या असू शकतात.

आता पार्प. पार्प१ हे प्रथिन डीएनएचा एकच धागा तुटला की तिथे धावून जातं, खूण करतं, बाकीच्या कारागिरांना बोलावतं आणि बाजूला होतं. ओलापॅरिब या प्रथिनाचं काम अडवतं. सुरुवातीला समजूत अशी होती की पार्प थांबलं की एका धाग्याच्या भेगा तशाच राहतात, आणि एवढीच या औषधाची करामत. २०१२ च्या सुमारास कळलं की गोष्ट त्याहून पुढची आहे. औषध बसलं की पार्प डीएनएवरून सुटतच नाही, तिथेच अडकून बसतं. पेशी विभागणीसाठी डीएनएची नक्कल करायला लागते तेव्हा नक्कल करणारी यंत्रणा या अडकलेल्या पार्पवर आदळते आणि दोन्ही धागे तुटतात.

इथे निरोगी आणि कर्करोगी पेशींच्या वाटा वेगळ्या होतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या मार्गाने ती तूट अचूक भरून काढते. कर्करोगी पेशीला तो मार्गच नाही. ती टोकं कशीही जोडत जाते, गुणसूत्रं विस्कटतात आणि पेशी मरते. वरंधा घाट दरड कोसळून बंद झाला तरी ताम्हिणीवरून महाडला जाता येतं. पण ज्याच्यासाठी वरंधा कायमचा बंद आहे त्याची ताम्हिणीही अडवली, तर तो अडकलाच.

ही कल्पना २००५ साली एकाच वेळी दोन गटांनी प्रयोगशाळेत सिद्ध केली, शेफील्डमध्ये थॉमस हेलेडे यांच्या आणि लंडनमध्ये अ‍ॅलन अ‍ॅशवर्थ यांच्या गटाने. बीआरसीए नसलेल्या पेशी पार्प अडवणाऱ्या औषधाने पटापट मेल्या, बाकीच्यांना फारसं काही झालं नाही. २००९ मध्ये रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीचे निकाल आले आणि डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत ओलापॅरिबला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. प्रयोगशाळेतल्या एका तर्कशुद्ध कल्पनेतून रुग्णाच्या हातातल्या गोळीपर्यंतचा प्रवास दहा वर्षांच्या आत झाला, हे आमच्या शाखेत क्वचित घडतं.

ताईंसारख्याच रुग्णांवर, म्हणजे नव्याने निदान झालेला पुढच्या टप्प्यातला आजार, बीआरसीएचा दोष, आणि प्लॅटिनमच्या केमोला चांगला प्रतिसाद, सोलो-१ ही चाचणी झाली. ३९१ जणींपैकी काहींना दोन वर्षं ओलापॅरिब दिलं, काहींना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या. तीन वर्षांनंतर आजार न उलटलेल्या स्त्रियांचं प्रमाण ओलापॅरिब गटात ६० टक्के होतं, दुसऱ्या गटात २७. सात वर्षांनंतर ओलापॅरिब गटातल्या ६७ टक्के हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या सुमारे ४६. अंडाशयाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात एवढा फरक मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये दुसऱ्या कुठल्याही एका औषधाने पडलेला पाहिलेला नाही. त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला माझ्या मते बरोबर आहे आणि तो पाळावा.

ताईंना कार्बोप्लॅटिन इतकं छान लागू पडलं, त्याचंही कारण हेच. प्लॅटिनमची औषधं डीएनएच्या धाग्यांमध्ये टाके घालतात, आणि ते टाके उसवायला बीआरसीएचा मार्ग लागतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे हार्मोनचे दोन आणि हर२ हे तिन्ही ग्राहक नसलेल्या) कर्करोगावर सातशेहून अधिक स्त्रियांची चाचणी झाली. ऑपरेशनआधीच्या केमोत कार्बोप्लॅटिन घातलं तर पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना स्पष्ट फायदा झाला, त्यापुढच्या वयात झाला नाही. या प्रकारच्या कर्करोगात, विशेषतः तरुण वयात, बीआरसीए१ चा दोष बराच आढळतो, म्हणून ही चाचणी मी इथे मुद्दाम सांगतो. अर्थात फायद्याचं सगळं श्रेय त्या दोषालाच देता येत नाही.

आता गोळीची दुसरी बाजू. मळमळ आणि थकवा पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त, नंतर बहुतेकींना सवय होते. हिमोग्लोबिन उतरतं, कधी रक्त चढवावं लागतं, कधी डोस कमी करावा लागतो. म्हणून पहिलं वर्षभर दर महिन्याला रक्ततपासणी चुकवायची नाही. शंभरात एक-दोन रुग्णांना पुढे अस्थिमज्जेचा गंभीर आजार किंवा ल्युकेमिया होऊ शकतो. हे ऐकून घाबरायला होतं, पण निर्णय घेताना ते माहीत असायलाच हवं. आणखी एक, जे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे: टीबीचं रिफाम्पिसिन ओलापॅरिबचा रक्तातला अंश उतरवतं, तर बुरशीवरच्या काही गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिन तो चढवतात. गल्लीतल्या डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं तरी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन करायचा. ओलापॅरिबच्या जेनेरिक गोळ्या आता भारतात मिळतात, खर्चाचा प्रश्न असेल तर तो संकोच न करता विचारा.

आणि दोन वर्षांनंतर आजार उलटला तर? यातली सगळ्यांत विलक्षण आणि सगळ्यांत त्रासदायक गोष्ट २००८ मध्ये कळली. बीआरसीएमधला दोष पुष्कळदा असा असतो की एक-दोन अक्षरं गळतात आणि पुढचं सगळं वाचन बिघडतं. औषधाच्या माऱ्याखाली लाखो पेशी मरतात, पण एखाद्या पेशीत त्याच जनुकात दुसरा बदल होतो आणि वाचन पुन्हा जुळतं. प्रथिन परत बनू लागतं. म्हणजे कर्करोगाची पेशी स्वतःचा मूळ दोष दुरुस्त करून घेते, आणि पार्पची गोळी तिच्यावर चालेनाशी होते. प्लॅटिनमही कमी चालतं. दुसरी एक पळवाट अशी की ५३बीपी१ नावाचं प्रथिन नाहीसं होतं. हे प्रथिन एरवी टोकं तासू देत नाही. ते गेलं की बीआरसीए१ नसतानाही टोकं तासली जातात आणि अचूक मार्ग बऱ्यापैकी सुरू होतो. माणसात यातली कुठली वाट किती वेळा वापरली जाते हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण आजार उलटला तर पुन्हा बायोप्सी किंवा गाठीतून रक्तात उतरलेल्या डीएनएची तपासणी करण्यामागे हाच विचार असतो.

यावरून एका रिपोर्टबद्दल सावध करतो. बीआरसीए चांगलं असलेल्या रुग्णांसाठी गाठीची एचआरडी तपासणी करतात. अचूक दुरुस्ती बंद असलेल्या गाठीच्या गुणसूत्रांवर जे व्रण उरतात, त्यांची ही मोजदाद. उपयोगाची तपासणी आहे, कारण अंडाशयाच्या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात सुमारे निम्म्या गाठींमध्ये हा मार्ग कुठे ना कुठे मोडलेला असतो, बीआरसीएचा दोष असो वा नसो. पण व्रण हा इतिहास आहे. दुरुस्ती परत सुरू झाली तरी जुने व्रण पुसले जात नाहीत. दोन-तीन उपचार होऊन गेलेल्या रुग्णाचा, पहिल्या ऑपरेशनच्या वेळचा एचआरडी आकडा दाखवून कुणी पार्पची गोळी आग्रहाने देऊ लागलं, तर मी पहिल्यांदा हेच विचारीन की मधल्या काळात प्लॅटिनमला प्रतिसाद कसा होता. तो प्रतिसाद बहुतेकदा आकड्यापेक्षा खरं बोलतो.

तुमच्या प्रश्नापुरतं उत्तर इथे संपतं, पण तुम्ही मूळ गोंधळ मांडलात की दुरुस्ती करणारी प्रथिनं चांगली की वाईट. त्याला एकच उत्तर नाही, प्रत्येक प्रथिनाची गोष्ट निराळी. नक्कल करतानाच्या चुका सुधारणाऱ्या टोळीत एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही प्रथिनं येतात. यातल्या एखाद्याचा दोष वारशाने आला तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग अशा घरांत तरुणपणीच दिसतो. या गाठींमध्ये हजारो चुका साचतात, त्यांतून विचित्र प्रथिनांचे तुकडे बनतात आणि आपल्या प्रतिकारशक्तीला ते परके वाटतात. गाठ त्या प्रतिकारशक्तीला लगाम घालून ठेवते. इम्युनोथेरपी तो लगाम सोडवते. म्हणून मे २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला गाठ कुठल्या अवयवात आहे हे न पाहता, या एका दोषावरून मान्यता मिळाली. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून गुदाशयाच्या कर्करोगाच्या, हाच दोष असलेल्या १२ रुग्णांचा अहवाल आला. फक्त डोस्टारलिमॅब हे तसंच औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली, ऑपरेशन नाही, शेक नाही. हा दोष गुदाशयाच्या शंभरांतल्या पाच-दहा रुग्णांतच असतो, पण असेल तर उपचाराची दिशाच बदलते. बायोप्सीच्याच तुकड्यावर चार रंगद्रव्यांची साधी तपासणी करून तो कळतो. आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची ती व्हायलाच हवी, आणि आपल्याकडे अजून ती सर्रास होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगात एमजीएमटी हे प्रथिन टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाने केलेली इजा पुसून टाकतं. एकेक रेणू एकेक इजा स्वतःवर घेतो आणि त्यात संपतो. गाठीत त्याचं जनुक झाकलं गेलेलं असेल तर प्रथिन बनत नाही आणि औषध जास्त चालतं. तिथे गाठीची दुरुस्ती कमकुवत असणं रुग्णाच्या पथ्यावर पडतं. उलट, फुप्फुसाच्या कर्करोगात ईआरसीसी१ हे प्रथिन पाहून सिस्प्लॅटिन द्यायचं की नाही ठरवावं, असं २००६ मध्ये वाटलं होतं. २०१३ मध्ये त्याच गटाने पुन्हा तपासलं तेव्हा कळलं की तपासणीला वापरतात ती प्रतिद्रव्यं त्या प्रथिनाचं कामाचं रूप वेगळं ओळखूच शकत नाहीत. तो विषय तिथेच मागे पडला. खासगी लॅबच्या लांबलचक रिपोर्टांत अशी नावं अजून दिसतात. त्यावरून उपचार बदलू नयेत.

शेक, म्हणजे रेडिएशन, रोज थोडेथोडे देण्यामागेही दुरुस्तीच आहे. किरणांनी डीएनए तुटतो, निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याचशा सावरतात, कर्करोगाच्या पेशी तितक्या सावरत नाहीत.

‘डीएनए रिपेअर’ असं छापलेल्या महागड्या गोळ्यांबद्दल लोक हल्ली सारखे विचारतात. कर्करोगाच्या रुग्णाला त्यांचा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. त्यातल्या काही एनएडी हा पेशीतला एक छोटा रेणू वाढवतात म्हणून विकल्या जातात. पार्पला काम करायला एनएडीच लागतं आणि ओलापॅरिब नेमकं त्याच्याच जागेवर जाऊन बसतं, हे लक्षात घेतलं तर उपचार चालू असताना ताईंनी त्या का घेऊ नयेत हे वेगळं सांगायला नको.

आता तुमच्याबद्दल. हा दोष ताईंना आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलेला असणार, त्यामुळे तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी आहे. तुम्ही पुरुष आहात म्हणून ती कमी होत नाही. फक्त आईकडच्या मावश्या-आज्यांची चौकशी होते आणि वडिलांकडच्या आत्या राहून जातात, हे मी नेहमी पाहतो. पुरुषातून हा दोष गुपचूप पुढे जातो. पुरुषांना स्वतःलाही प्रोस्टेट आणि क्वचित स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तो बीआरसीए२ मध्ये जास्त. बीआरसीए१ चा दोष असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा सुमारे ४४ टक्के, असं २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. बीआरसीए२ साठी हेच आकडे ६९ आणि १७.

रिपोर्टमध्ये बदलाच्या नावापुढे काय लिहिलंय ते नीट पाहा. ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ (बहुधा आजार घडवणारा) असेल तरच घरच्यांच्या तपासणीला अर्थ आहे. ‘व्हीयूएस’ असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही, आणि त्यावरून कुणाचं ऑपरेशन करायचं नाही. सर्वांची पूर्ण पॅनेल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र, तपासणी करण्याचीही सहसा गरज नसते. ताईंमध्ये सापडलेला तेवढा एकच बदल तपासायचा असतो, तो स्वस्तात होतो. दोष असलेल्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून स्तनांचा एमआरआय, आणि मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय आणि अंडवाहिन्या काढणं हा मार्ग आहे. त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूपच उतरतो. सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीवर लक्ष ठेवून या कर्करोगाचे मृत्यू टळत नाहीत, हे ब्रिटनमधल्या दोन लाखांवर स्त्रियांच्या चाचणीत दिसलं, तेव्हा त्यावर विसंबू नका.

आपल्याकडे आतेभाऊ-मामेबहिणींची लग्नं होतात म्हणून एक जोडतो. नवरा-बायको दोघांतही बीआरसीए२ चा दोष असेल, तर मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळून फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा बालपणीचा गंभीर आजार होऊ शकतो. तुमच्या घरात बीआरसीए१ आहे, पण नात्यात लग्न ठरत असेल तर समुपदेशकांना ते जरूर सांगा.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये टाटाचं कर्करोग-जनुकीय समुपदेशन केंद्र आहे, मोठ्या शहरांत इतर ठिकाणीही सोय आहे. ताईंच्या रिपोर्टची पूर्ण प्रत, पहिलं पान नव्हे, घेऊन जा. आधी तुमची तपासणी करा. मुली अठराच्या आतल्या असतील तर त्यांची आत्ता करायची नाही, मोठ्या झाल्यावर त्या ठरवतील. आणि तुमच्यात तो बदल निघाला नाही, तर तुमच्याकडून तो मुलींना गेलेला असूच शकत नाही. ताईंच्या या दोषासाठी त्यांची तपासणी करण्याचं कारणच उरत नाही.